पंचांची घडण : क्रिकेटमधील नवोदित पंचांच्या मार्गदर्शनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

क्रीडा इतिहासाचे लेखन बहुधा खेळाडू, संघ आणि विक्रम यांच्याभोवती फिरते. ज्याच्या निर्णयाशिवाय एकही विक्रम नोंदला जाऊ शकत नाही, त्या पंचाचा उल्लेख प्रामुख्याने वादाच्या प्रसंगीच होतो. पंच कसा घडतो, त्याला कोण घडवितो, पहिल्या काही सामन्यांत त्याच्या पाठीशी कोण उभे असते, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात क्रिकेट या खेळाच्या आधारे, मुख्यतः भारताच्या संदर्भात, नवोदित पंचांच्या मार्गदर्शनाचा १९२२ ते २०२३ या कालखंडातील आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

या आढाव्यातून एक मुद्दा प्रकर्षाने पुढे येतो. पंचगिरीच्या क्षेत्रात परीक्षा लवकर आली. मार्गदर्शन मात्र फार उशिरा आले. नियम माहीत असणे ही परीक्षेची कसोटी. पण नियम माहीत असलेला मनुष्य आणि दडपणाखाली निर्णय देणारा मनुष्य यांत अंतर असते. ते अंतर अनुभवी सहकाऱ्याच्या सहवासात भरून निघते. तो सहवास कोणत्या प्रकारचा आहे, यावर नवा पंच निर्भय होतो की सावध, हे अवलंबून असते.

इंग्लंडमधील वारसा : चेस्टर यांचा धडा

पंचगिरीच्या इतिहासात फ्रँक चेस्टर यांचे नाव आदराने घेतले जाते. वूस्टरशायर संघाचा हा होतकरू खेळाडू पहिल्या महायुद्धात जायबंदी झाला. १९१७ मध्ये सालोनिका आघाडीवर झालेल्या जखमेमुळे त्याचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. खेळाडू म्हणून आयुष्य संपले, तेव्हा १९२२ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास त्याने पंचाचा अंगरखा चढविला. पुढे १९२४ ते १९५५ या काळात चेस्टर यांनी ४८ कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केले. षटकातील चेंडू मोजण्यासाठी ते सहा खडे जवळ बाळगीत.

मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा अगदी सुरुवातीचा अनुभव. एसेक्स विरुद्ध सॉमरसेट या सामन्यात त्यांनी दोन्ही संघांच्या कर्णधारांना बाद ठरविले. जॉनी डग्लस पायचीत झाले, तर जॉन डॅनियल यष्टिचीत. दोन्ही निर्णय त्यांच्या मते निःसंशय होते. तरीही त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना इशारा दिला की, असेच निर्णय देत राहिलास तर स्वतःच्या मृत्युलेखावर सही करशील. कारण उघड होते. त्या काळी पंचांविषयीचा अहवाल कर्णधार पाठवीत असत आणि त्या अहवालांवर पुढील हंगामातील नेमणूक अवलंबून असे.

हा प्रसंग किस्सा म्हणून सांगितला जातो. पण तो मार्गदर्शनाच्या इतिहासातील एक दस्तऐवज आहे. त्या ज्येष्ठ पंचाचा हेतू वाईट नव्हता. आपल्या तरुण सहकाऱ्याची भाकरी जाऊ नये, हीच त्याची इच्छा होती. परंतु त्याने जे शिकविले ते न्यायाचे नव्हते, तगून राहण्याचे होते. ज्याचा न्याय करायचा, त्याच्याच हाती आपला गोपनीय अहवाल असेल, तर ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे कोणते शहाणपण झिरपेल, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची आवश्यकता नाही. शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्यांना ही परिस्थिती अगदीच अपरिचित वाटणार नाही. चेस्टर यांनी तो सल्ला मानला नाही, हे त्यांच्या स्वभावाचे बळ. परंतु किती नवोदितांनी तो मानला असेल, याची नोंद इतिहासात होत नाही.

भारतातील प्रारंभ

भारतात झालेला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर खेळला गेला. सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ डग्लस जार्डिन यांच्या इंग्लंड संघाविरुद्ध उभा होता. त्या सामन्याचे पंच होते फ्रँक टॅरंट आणि बिल हिच. टॅरंट हे मूळचे ऑस्ट्रेलियन, तर हिच इंग्लंडचे माजी वेगवान गोलंदाज. मैदानावर भारताचे प्रतिनिधित्व करणारे अकरा खेळाडू होते. पण निर्णय देणारे दोघेही परदेशी होते. खेळाडूंची परंपरा आपल्याकडे निर्माण झाली होती, पंचांची व्हायची होती.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी भारतीय पंचांवर आली. तिचे ओझे किती मोठे होते, हे फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर दिसून आले. वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाचव्या कसोटीत भारतास विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी शतक झळकाविले होते. अखेरच्या क्षणी दत्तू फडकर खेळपट्टीवर होते आणि धावसंख्या ८ बाद ३५५ झाली होती. विजय अवघ्या सहा धावांवर होता. त्या क्षणी, षटकातील एक चेंडू बाकी असताना आणि घड्याळात सुमारे दीड मिनिट शिल्लक असताना, पंच ए. आर. जोशी यांनी षटक संपल्याचे जाहीर करून खेळ थांबविला. सामना अनिर्णित राहिला. वेस्ट इंडिजविरुद्धचा पहिला विजय मिळविण्यासाठी भारतास पुढे १९७१ पर्यंत वाट पाहावी लागली.

या घटनेकडे एका व्यक्तीची चूक म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती दृष्टी अपुरी आहे. चेंडू मोजण्याची जबाबदारी एका पंचाची नसून दोघांची असते. स्क्वेअर लेगला उभा असलेला पंच आपल्या सहकाऱ्याला दोन चेंडू उरल्याची खूण करतो, हा आज सर्वत्र रूढ असलेला संकेत आहे. ही खूण नियमांच्या पुस्तकातून कळत नाही. ती ज्येष्ठांबरोबर उभे राहून अंगवळणी पडते. एकट्याने मोजणारा पंच दडपणाखाली चुकू शकतो. दोघांनी मोजण्याची सवय ही संस्कारांतून येते. त्या दिवशी जे उणे पडले, ते अंकगणित नव्हते. पंचांच्या परस्पर साहाय्याची मुरलेली परंपरा होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

परीक्षा आणि मैदान

विसाव्या शतकाच्या मध्यास पंचांच्या शिक्षणाला संघटित रूप येऊ लागले. इंग्लंडमध्ये १९५३ साली टॉम स्मिथ यांच्या पुढाकाराने क्रिकेट पंचांची संघटना स्थापन झाली. अभ्यासवर्ग, परीक्षा आणि पंचगिरीवरील मार्गदर्शक पुस्तक ही तिची साधने होती. टॉम स्मिथ यांच्या नावाने ओळखले जाणारे ते पुस्तक आवृत्त्यांमागून आवृत्त्या घेत जगभरातील पंचांच्या हाती पोहोचले. नियम काय सांगतो, याबरोबरच पंचाने कोठे उभे राहावे, सहकाऱ्याशी संपर्क कसा ठेवावा, याचेही विवेचन त्यात होते. म्हणजेच आतापर्यंत तोंडी चालत आलेले ज्ञान प्रथमच ग्रथित झाले.

भारतात प्रांतिक संघटनांच्या व नंतर नियामक मंडळाच्या परीक्षा, अशी पायऱ्यांची व्यवस्था रूढ झाली. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक असे तिचे स्वरूप होते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मात्र नवा पंच बहुतांशी स्वतःच्या नशिबावर सोपविला जात असे. मुंबईत मैदानच त्याची पाठशाळा ठरली. १९४८ पासून पावसाळ्यात भरणारी कांगा लीग ही तर पंचांसाठीही कठोर शाळाच होती. ओली खेळपट्टी, अनपेक्षित उसळी घेणारा चेंडू, आझाद मैदानावर एकमेकांत मिसळलेल्या सीमारेषा आणि कसोटीपटूंपासून हौशी खेळाडूंपर्यंत साऱ्यांची अपिले या वातावरणात नवा पंच तावून सुलाखून निघे. त्याच्यासोबत उभा असलेला ज्येष्ठ पंच बोलका असला तर चहापानाच्या वेळी दोन गोष्टी कळत. तो अबोल असला तर काहीच नाही.

या अनौपचारिक व्यवस्थेत घराण्याला महत्त्व येणे स्वाभाविक होते. म्हैसूरचे एम. जी. विजयसारथी आणि त्यांचे पुत्र एम. व्ही. नागेंद्र हे दोघेही कसोटी पंच झाले. १९६०-६१ च्या हंगामात रणजी करंडकाच्या एका सामन्यात पितापुत्र एकत्र पंच म्हणून उभे राहिले होते. ज्याच्या घरातच गुरू, त्याला मार्गदर्शनाची उणीव नव्हती. प्रश्न होता तो ज्यांच्या घरात असा गुरू नव्हता, त्यांचा. संगीतातील घराण्यांप्रमाणे पंचगिरीचेही ज्ञान रक्ताच्या नात्यातून पुढे जाणे ही परंपरेची श्रीमंती असली, तरी संस्थेचे ते दारिद्र्य होय.

तटस्थ पंच : भारतीयांचा वाटा

यजमान देशाचेच पंच ही कसोटी क्रिकेटची दीर्घकाळ चालत आलेली रीत होती. या रीतीमुळे पक्षपाताचे आरोप सातत्याने होत राहिले. त्यावर पाकिस्तानचे तत्कालीन कर्णधार इम्रान खान यांनी तटस्थ पंचांचा आग्रह धरला. त्यानुसार नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोर येथे पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडिज या कसोटीसाठी भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर यांना पाचारण करण्यात आले. १९१२ मधील इंग्लंडमधील तिरंगी स्पर्धेतील सामने वगळता कसोटी क्रिकेटमध्ये तटस्थ पंचांचा हा पहिला महत्त्वाचा प्रयोग होता. पाकिस्तानने ज्या दोघांवर विश्वास टाकला ते भारतीय होते, ही बाब त्या काळच्या राजकीय संबंधांच्या पार्श्वभूमीवर विशेष लक्षणीय ठरते.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८७ मध्ये, फैसलाबाद येथे इंग्लंडचे कर्णधार माईक गॅटिंग आणि पंच शकूर राणा यांच्यातील भर मैदानावरील वादाने या प्रश्नाची निकड जगाला पटवून दिली. १९८९ मध्ये भारताच्या पाकिस्तान दौऱ्यातील चारही कसोटींसाठी इंग्लंडचे जॉन हँपशायर व जॉन होल्डर हे पंच होते. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक तटस्थ पंच ठेवण्याची व्यवस्था झाली आणि २००२ मध्ये दोन्ही पंच तटस्थ असावेत, यासाठी आठ जणांची विशेष श्रेणी जाहीर करण्यात आली. त्या आठांमध्ये भारताचे श्रीनिवास वेंकटराघवन होते. ५७ कसोटी खेळलेल्या या फिरकी गोलंदाजाने ७३ कसोटींत पंच म्हणून काम केले.

तटस्थतेचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. यजमान पंचांच्या काळात प्रत्येक देश आपले पंच कसे घडवितो, हा त्याचा घरगुती प्रश्न होता. २००२ नंतर तो जागतिक तुलनेचा विषय झाला. आता पंचाला दुसऱ्या देशांच्या पंचांबरोबर एकाच तराजूत तोलले जाऊ लागले.

अकरा वर्षांचे रितेपण

या तराजूत भारताचे पारडे हलके ठरले. २००४ मध्ये वेंकटराघवन निवृत्त झाले आणि त्यानंतर २०१५ मध्ये एस. रवी यांची निवड होईपर्यंत विशेष श्रेणीत एकही भारतीय पंच नव्हता. क्रिकेटची लोकप्रियता, खेळाडूंची संख्या आणि आर्थिक सामर्थ्य या तिन्ही बाबतींत आघाडीवर असलेल्या देशाच्या दृष्टीने ही अकरा वर्षे आत्मपरीक्षणाची होती.

या स्थितीची कारणे अनेक असली, तरी एक धागा स्पष्ट दिसतो. पुढे विशेष श्रेणीत गेलेले नितीन मेनन यांनी एका मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे, २००६ मध्ये त्यांनी दिलेली मंडळाची परीक्षा सुमारे दहा वर्षांच्या खंडानंतर घेतली जात होती. म्हणजे प्रवेशाचे दारच दीर्घकाळ बंद होते. आंतरराष्ट्रीय दर्जाचा पंच घडण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. त्यामुळे नव्वदीच्या दशकात जे पेरले गेले नाही, ते नंतरच्या दशकात उगवले नाही.

याच काळात ऑस्ट्रेलियाचे सायमन टॉफेल यांचे उदाहरण जगासमोर होते. टॉफेल सिडनीतील क्लब क्रिकेट खेळत. प्रथम श्रेणीचा एकही सामना त्यांच्या नावावर नव्हता. पाठीच्या दुखापतीने खेळ सुटल्यावर ते पंचगिरीकडे वळले. चोविसाव्या वर्षी प्रथम श्रेणी सामन्यात आणि सत्ताविसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात ते पंच म्हणून उभे राहिले. २००४ ते २००८ अशी सलग पाच वर्षे त्यांना सर्वोत्कृष्ट पंचाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठा खेळाडू असल्याशिवाय मोठा पंच होता येत नाही, या समजाला त्यांनी छेद दिला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे २०१२ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय परिषदेने पंचांच्या प्रशिक्षणाची व कामगिरीची जबाबदारी सोपविली. सर्वोत्तम पंचाचे ज्ञान त्याच्या निवृत्तीबरोबर लुप्त होऊ न देता पुढील पिढीकडे नेण्याची ही संस्थात्मक तरतूद होती. भारतातही नागपूर येथे पंचांसाठी राष्ट्रीय अकादमीची योजना आकारास आली.

कॅमेऱ्यासमोरचा नवोदित

नव्या पंचापुढील आव्हानाचे स्वरूपही दरम्यान बदलले होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत दूरचित्रवाणीच्या साहाय्याने तिसऱ्या पंचाने सचिन तेंडुलकर यांना धावबाद ठरविले. २००९ पासून कसोटी सामन्यांत निर्णयाच्या फेरविचाराची पद्धत अधिकृतपणे अमलात आली. पूर्वी पंचाची चूक स्मरणात राही. आता ती पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखविली जाते. चूक झाल्यानंतरच्या पुढच्या चेंडूवर मन स्थिर कसे ठेवावे, हा पंचगिरीतील सर्वांत कठीण धडा आहे. तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारता येत नाही. ज्याने स्वतः तशी चूक केली आहे, असा ज्येष्ठ सहकारीच तो देऊ शकतो.

परीक्षेच्या मर्यादेचे आणि तिच्या सुधारणेचेही उदाहरण २०२२ मध्ये दिसले. महिला व कनिष्ठ गटांतील सामन्यांसाठी पंच निवडण्याकरिता मंडळाने अहमदाबाद येथे घेतलेल्या परीक्षेत सुमारे १४० उमेदवारांपैकी केवळ तिघे उत्तीर्ण झाले. एकूण २०० गुणांपैकी लेखी परीक्षेस १००, तोंडी व चित्रफितीवर आधारित परीक्षांस प्रत्येकी ३५ आणि शारीरिक क्षमतेस ३० गुण होते. खेळपट्टीवर मंडपाची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली पडत असल्याची तक्रार फलंदाजाने केल्यास काय कराल, अशा स्वरूपाचे प्रश्न विचारण्यात आले होते. मंडपाची व झाडाची सावली दुर्लक्षित करावी. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर राहण्यास सांगावे, असे त्याचे अपेक्षित उत्तर. प्रश्न विवेकाची कसोटी पाहणारे होते, हे स्वागतार्हच. परंतु १३७ जण अपयशी ठरतात, तेव्हा तो निकाल केवळ उमेदवारांचा राहत नाही. त्यांना तेथवर आणणाऱ्या व्यवस्थेचाही तो निकाल असतो. विवेक विचारायचा असेल, तर तो आधी कोणीतरी शिकविला पाहिजे.

नव्या वाटा

२०२० मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी इंदूरचे नितीन मेनन विशेष श्रेणीत दाखल झाले. त्या वेळी त्या श्रेणीतील ते सर्वांत तरुण पंच होते. त्यांचे वडील नरेंद्र मेनन हेही आंतरराष्ट्रीय पंच होते आणि परीक्षेस बसण्याचा सल्ला त्यांचाच होता. विजयसारथी-नागेंद्र यांच्यानंतर साठ वर्षांनीही घरातील गुरूचे महत्त्व टिकून असल्याचे यावरून दिसते. २०२० मधील महासाथीमुळे यजमान पंचांना तात्पुरती मुभा मिळाली आणि २०२१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत अनिल चौधरी व वीरेंद्र शर्मा यांनी कसोटी पंच म्हणून पदार्पण केले. दोघांनाही आपल्या पहिल्या कसोटीत मेनन यांची सोबत लाभली.

घराण्याबाहेरील वाट कशी असते, हे मुंबईच्या वृंदा राठी यांच्या उदाहरणाने दाखविले. २०१३ च्या महिला विश्वचषकात त्या धावलेखक म्हणून काम करीत होत्या. तेथे न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांना पाहून आपणही पंच होऊ शकतो, याची जाणीव त्यांना झाली. जानेवारी २०२३ मध्ये राठी यांच्यासह एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन या रणजी करंडकात पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. राठी यांचा तो सामना गोव्यातील पर्वरी येथे गोवा आणि पुदुच्चेरी यांच्यात झाला. मार्गदर्शनाची पहिली पायरी ही कित्येकदा उपदेश नसून दर्शन असते. आपल्यासारखे कोणीतरी तेथे उभे आहे, हे दिसणे.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, परीक्षा ही पंचाची निवड करू शकते, घडण करू शकत नाही. दुसरा, मार्गदर्शन अनौपचारिक राहिले की ते घराणे, ओळख व योगायोग यांच्या आधीन होते आणि होतकरू परंतु निराधार नवोदित मागे पडतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, गुण देणारा आणि वाट दाखविणारा या दोन भूमिका वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. चेस्टर यांच्या सहकाऱ्याचा सल्ला चुकला, कारण त्या व्यवस्थेत अहवालाची भीती हीच सर्वांची गुरू होती. ज्याच्याजवळ आपली चूक निर्धास्तपणे कबूल करता येते, त्याच्याकडूनच ती सुधारण्याचे शिक्षण मिळते.

या निष्कर्षांची व्याप्ती आंतरराष्ट्रीय मैदानापुरती मर्यादित नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत एखादा माजी विद्यार्थी पहिल्यांदा पंचाचा अंगरखा घालून उभा राहतो, तेव्हा आपण त्याच्या हाती सहा खडे देतो की त्याच्या शेजारी एक अनुभवी माणूसही उभा करतो, हा प्रश्न आपल्या क्रीडाविभागांचाही आहे. १९४९ मधील तो न टाकलेला चेंडू परत येणार नाही. परंतु समोरच्या टोकावरून दोन बोटे दाखवून चेंडू उरल्याची खूण करणारा सहकारी प्रत्येक नव्या पंचाला मिळावा, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.